गुळातली पुडी

त्या वर्षी दादाचा चेहरा गोल झाला आणि गावाकडच्या लोकांनी त्याचं श्रेय सुरतला दिलं. खानदेशात एका लग्नाला आम्ही गेलो होतो. मांडवात बायका म्हणाल्या, "मानवली बरं सुरत." पुरुषांनी त्याच्या पाठीवर थाप मारून पाहिली. गाल भरलेले, मानेमागे मांसाचा उंचवटा, सदऱ्यातून पुढे आलेलं पोट. हातपाय मात्र पूर्वीसारखेच काटकुळे होते. हातापायांकडे कुणी पाहिलं नाही. सुखी माणूस चेहऱ्यावरून ओळखायची आमच्याकडे पद्धत आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कतारगामच्या एका खात्यात तो साचे चालवायचा. खातं म्हणजे यंत्रमागाचा कारखाना आणि साचा म्हणजे माग. हे शब्द गुजरातीतून आमच्या बोलण्यात आले आणि राहिले. नव्वदच्या दशकाचा मध्य होता, सुरतेत प्लेग आला ते साल होऊन गेलं होतं. दादा, वहिनी आणि मी तापीपलीकडे, कोसाडच्या वाटेवर एका खोलीत राहायचो. मी शहरातल्या एका छोट्या दैनिकात बातम्या लिहायचो. घरातलं बोलणं अहिराणीत चाले. इथे ते बहुतेक मराठीत देतो आहे. वहिनीची एकदोन वाक्यं तशीच ठेवली आहेत, कारण मराठीत आणली की ती मऊ होतात.

खात्यात धाग्याची भुकटी हवेत तरंगत असते. घसा मोकळा राहावा म्हणून कारीगर पाळीवर जाताना गुळाचा खडा तोंडात धरतात. गूळ बारडोलीकडचा, काळसर. हे कुणी शिकवत नाही. नवा माणूस शेजारच्याला पाहून शिकतो.

दादाला काही वर्षांनी दम लागायला लागला. खात्याजवळच्या गल्लीत एक डॉक्टर बसायचा. त्याच्या पाटीवरची पदवी आमच्यापैकी कुणी वाचलेली नव्हती. त्याच्याकडे दम, सांधेदुखी, अशक्तपणा, खाज, सगळ्यांवर एकच इलाज होता: वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पांढऱ्या भुकटीची पुडी. सकाळी पुडी घेतली की दुपारपर्यंत छाती मोकळी. भूक लागायची, अंगात जोर यायचा. ज्यांना दम नव्हता तेही जास्तीची पाळी करायची असली की पुडी घ्यायचे. पुडी कडू होती. वहिनी ती गुळात मळून गोळी करायची आणि डब्याबरोबर द्यायची. अशा रीतीने ती गुळाचा भाग झाली आणि औषध राहिली नाही.

पावसाळा संपता संपता दादाला बारीक ताप येऊ लागला. ताप अंगावर काढत तो पाळ्या करत राहिला. मग एके दिवशी पोट दुखायला लागलं. फार नाही, असं तो म्हणाला. दोन दिवस तो तेच म्हणत होता. तिसऱ्या दिवशी साच्यासमोर खाली बसला आणि त्याला उठता येईना. खात्यातल्या माणसांनी रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. मला दैनिकात निरोप आला.

तिथला सर्जन उंच, कमी बोलणारा गुजराती माणूस होता. त्याने पोटावर हात ठेवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. एक्स-रेमध्ये पोटात मोकळी हवा दिसत होती, म्हणजे आतडं फुटलं होतं. एरवी आतडं फुटलं की पोट फळीसारखं कडक बनतं, माणूस हात लावू देत नाही. दादाचं पोट मऊ होतं. तो कुरकुरत होता, एवढंच.

"कोई दवाई चालू है?" सर्जनने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

"नाही," वहिनी म्हणाली.

"नाही," मीही म्हणालो. आम्ही तिघंही खरं बोलत होतो.

ऑपरेशन झालं. लहान आतड्याला भोक पडलं होतं. तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं एकमेकांना शिवली. तापाने आतडं झिजलं असणार, असं सांगण्यात आलं. दादाला तोंडाने काहीही द्यायचं नव्हतं. डबा बंद, गूळ बंद.

आतड्याची जखम बाहेरून दिसत नाही. तिथे काय चाललं आहे ते पोटावरच्या जखमेवरून आणि माणसाच्या तोंडावरून ताडायचं असतं. दादा दिवसेंदिवस मलूल होत गेला. रक्तदाब खाली जायचा, सलाईनने वर यायचा, पुन्हा खाली जायचा. परिचारिकेने हातावरची चिकटपट्टी काढली तेव्हा पट्टीबरोबर कातडीही सुटून आली, पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखी. आणि एके सकाळी पोटावरच्या बँडेजमधून फिकं गुलाबी पाणी झिरपायला लागलं.

वहिनीला वाटलं, रक्त नाही म्हणजे बरं आहे. सर्जनला तसं वाटलं नाही. त्याने बँडेज उघडेपर्यंत दादाला खोकला आला आणि टाके कातडीला तसेच लटकत राहून जखम आतून उसवली. मी पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही. ओल्या कापडाने झाकून त्याला पुन्हा आत नेलं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आला आणि आमच्याशेजारी बाकावर बसला. आतला जोडही सुटला होता. आता आतड्याचं टोक पोटाबाहेर काढून तिथे पिशवी लावली होती, आणि कातडीची जखम मुद्दाम उघडी ठेवली होती. तो हिंदीत बोलत होता, वहिनीकडे बघून.

"टाके मी घातलेत. धरायचं काम त्याच्या शरीराचं आहे. ते धरत नाहीये. झूठ मत बोलना, चेहरा बता रहा है. हा गोल चेहरा, पोटावर जांभळे चट्टे, कागदासारखी कातडी. हा माणूस बरीच वर्षं काहीतरी खातोय."

"काही नाही खात, साहेब."

"पाळीवर जाताना काय खातो?"

"भाकरी. आणि गूळ."

"नुसता गूळ?"

वहिनी थांबली. मग म्हणाली, "गुळात पुडी."

त्याने जे समजावलं ते मी ऐकलं तसं देतो. जखम झाली की शरीर आधी तिथे सूज आणतं. आपल्याला सूज म्हणजे त्रास वाटतो, पण त्या सुजेतूनच दुरुस्तीची माणसं जखमेपाशी पोचतात, घाण साफ करतात आणि नवे तंतू विणायला घेतात. पुडीतलं औषध स्टेरॉइडचं आहे. ते सूज दाबतं. छातीतली सूज दबते म्हणून श्वास मोकळा होतो. पण औषधाला छाती आणि पोट यांतला फरक कळत नाही. ते पोटातलीही सूज दाबतं. म्हणून आतडं फुटल्यावरही पोट मऊ राहिलं, दुखणं कळलं नाही, आणि जोडलेलं आतडं जुळलं नाही. चांगल्या डॉक्टरच्या हाती हेच औषध जीव वाचवतं. इथे ते कुणी मोजलंच नव्हतं.

"मग आता बंद झालं ना," वहिनी म्हणाली. "चांगलंच झालं."

"तेच तर चुकलं. शरीर हे औषध थोडं स्वतः बनवतं. बाहेरून इतकी वर्षं मिळालं, म्हणून त्याने बनवणं सोडलं. आता एकदम तोडलं तर रक्तदाब पडतो, माणूस जातो. मी इंजेक्शनमधून अंदाजाने देतोय. जास्त दिलं तर जखम भरणार नाही, कमी दिलं तर तो उठणार नाही. पुडीत नक्की कोणती गोळी, किती, ते मला हवंय."

वहिनी उठली. पदर खोचला आणि मला म्हणाली, "चला, भाऊ."

गल्लीतल्या दवाखान्याबाहेर लांब बाकडं होतं. सकाळची पाळी सुटून दुपारची भरायच्या मधली वेळ, त्यामुळे ते भरलेलं होतं. आमच्याकडचे, मराठवाड्यातले, विदर्भातले, सगळे कारीगर. वहिनी रांग सोडून आत शिरली. डॉक्टर पुड्या बांधत होता.

"शुं थयुं, बेन?"

वहिनीने काय झालं ते सांगितलं. त्याने मान हलवली, चुकचुकला. म्हणाला, आ तो शक्तीनी पुडी छे, घरगुती, वडिलांपासून चालत आलेली. याने कुणाचं आतडं फुटत नाही.

"फुटलं कशाने ते मी विचारलंच नाही," वहिनी म्हणाली. "पुडीमा काय शे ते सांगा."

"बेन, घरे जाओ ने. अत्यारे टाइम नथी."

वहिनी दाराच्या उंबऱ्यावर बसली. आत जाणाऱ्याला तिला ओलांडूनच जावं लागलं असतं, आणि बाईमाणसाला कुणी ओलांडत नाही.

"मी आठेच बठसू," ती म्हणाली.

बाकड्यावर चुळबुळ सुरू झाली. विदर्भातला एक पोक्त कारीगर म्हणाला, "ओ बाई, सरका ना जराक. मले पाळीवर जायाचं हाय."

"जा की. कोणी धरलंय?"

"पुडी घेतल्याबिगर कसा जाऊ? दम भरते ना."

"अहो ताई, आमच्या पोटावर कशाला पाय देता?" दुसरा म्हणाला. "तुमच्या घरचं दुखणं तुमच्या घरी."

वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग उभी राहिली आणि बाकड्याच्या एका टोकाशी गेली. तिथे आमच्याच तालुक्यातला एक तरुण बसला होता, दादाबरोबर काम करणारा.

"तुनं तोंड देख," ती त्याला म्हणाली. "गावाला गेला होतास ना दिवाळीत? काय म्हणाले लोक?"

तो हसला. "म्हणाले, मानवली सुरत."

"आणि तुम्हाला?" शेजारच्याला.

"आमच्याकडं म्हणतात, अंगी लागली."

"तुम्हाला?"

हा प्रश्न विदर्भातल्या पोक्त कारीगराला होता. त्याने आपल्या गालावरून हात फिरवला.

ती बाकड्याच्या शेवटापर्यंत गेली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. तीन मुलखांतून आलेली, एकमेकांशी नातं नसलेली माणसं, आणि चेहरे एका साच्यातून काढल्यासारखे. रोज एकाच बाकड्यावर बसून हे कुणाला दिसलं नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं, आणि माझा धंदा बघण्याचा होता.

"आता सदरा वर करा," वहिनी म्हणाली, "आणि पोटावर जांभळे चट्टे आहेत का ते बघा. मी तोंड फिरवते."

कुणी सदरा वर केला नाही. पण एक जण हळूच म्हणाला, "खाजतेत मला ते."

मग बाकडं उठून दाराशी आलं. आरडाओरडा झाला नाही. पोक्त कारीगराने फक्त विचारलं, "सांगून टाका ना, डाक्टर. काय हाय त्याच्यात?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी दैनिकात आहे हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला की नाही, सांगता येत नाही. माझ्यापेक्षा ते बाकडं जवळ होतं. तो आतल्या फळीकडे वळला. तिथे प्लास्टिकची मोठी बरणी होती, बाजारात घाऊक मिळणाऱ्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची. त्या कुटून, साखर मिसळून पुडी होत होती. एका पुडीत दोन, तो म्हणाला. कधी तीन. दम जास्त असला तर.

"लिहून देऊ?" त्याने विचारलं.

वहिनीने बरणीच उचलली. "मोठा डॉक्टर वाचेल," ती म्हणाली, पदराखाली धरली आणि निघाली. कुणी तिला अडवलं नाही.

आम्ही दवाखान्यात परतलो तर फाटकाशी गावाकडची जीप उभी होती. काका आले होते. मरणारा माणूस गावाला न्यायचा, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की त्याची चर्चा होत नाही, गाडी येते. काकांनी जीपच्या मागच्या बाकड्यावर घोंगडी अंथरून ठेवली होती.

"पोरी, पोट बाहेर काढलंय त्याचं," काका म्हणाले. "आता काय राहिलं? घरी चल. चार माणसं आहेत, आपली माती आहे."

काका मागोमाग आत आले. वॉर्डात वहिनीने बरणी सर्जनच्या हातात दिली, एका पुडीत दोन, कधी तीन गोळ्या असं सांगितलं, त्याने वरचं वाचलं, परिचारिकेला काहीतरी सांगितलं आणि आत गेला. मग ती काकांकडे वळली.

"प्लेगच्या वेळी आम्ही आलो होतो ना घरी?" तिने विचारलं.

काकांनी मान फिरवली.

"गुरांच्या गोठ्यात ठेवलं होतं तुम्ही आम्हाला. सुरतहून आले म्हणून. विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, पाणी वरून ओतलं. मी काही बोलले नाही. माणसं भितात. पण तेव्हा जगायला आलो तर गोठा, आणि आता मरायला आलो तर माती? मी नाही नेणार."

"तू कोण ठरवणार? भाऊबंद आहोत आम्ही."

"मग त्यांना विचारा. जिवंत आहेत अजून."

काका खाटेपाशी गेले. दादाच्या नाकात नळी, हातात सुई, पोटावर पिशवी. डोळे उघडे होते. सगळं ऐकू जाईल इतक्याच अंतरावर हे बोलणं झालं होतं.

"काय रे," काका म्हणाले. "घरी चलायचं ना?"

दादाला बोलायला वेळ लागला. "जीपचं भाडं दिलंय का?"

"देऊ की. त्याची काळजी नको."

"मग तुम्ही बसून जा. मी पोट बंद झाल्यावर येतो. गाडीने. पायांवर."

काका संध्याकाळच्या आत निघून गेले. घोंगडी वहिनीने ठेवून घेतली. दवाखान्याची फरशी थंड होती.

त्यानंतर जे झालं ते कंटाळवाणं होतं, आणि बरं होणं असंच असतं. इंजेक्शनचं प्रमाण बसलं, रक्तदाब टिकला. मग औषध थोडं थोडं उतरवत नेलं, एक पायरी उतरायची, थांबायचं, बघायचं. जखमेसाठी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या; स्टेरॉइडने अडवलेली जखम त्याने थोडी पुढे सरकते, असं सर्जन म्हणाला. उघडी जखम तळापासून भरत आली. आधी ती पिवळी आणि मुकी दिसायची. मग एके दिवशी बँडेज बदलताना तळाशी लाल दाणे दिसले, आणि त्यांना स्पर्श होताच रक्त आलं. परिचारिका खूश झाली. वहिनी घाबरली. "रक्त येतंय म्हणजे जागी झाली," परिचारिका म्हणाली. दादा कण्हला आणि शिव्या द्यायला लागला. त्याला पहिल्यांदा नीट दुखलं होतं.

श्वासासाठी आता फवाऱ्याचा पंप होता. त्यात औषध तेच, पण कणभर, थेट छातीत. पुडीसारखा जोर त्यातून येत नव्हता. दादाला सगळी हाडं मोजता येतील असं वाटायचं, सांधे दुखायचे, जिना चढवत नसे. पुडी सोडण्याचा हा काळ ऑपरेशनपेक्षा वाईट, असं तो म्हणायचा. गल्लीची वाट पायाखालची होती. तो तिकडे गेला नाही.

पिशवी लावूनच तो कामावर परतला. खात्याच्या शेठने त्याला फाटकावर बसायला सांगितलं. साच्यावर नको, म्हणाला, वास येईल.

"शेठ, तुमच्या साच्यांनी आमचे कान गेले," दादा म्हणाला. "आम्ही कधी बोललो?"

शेठ हसला, मग हसणं आवरलं. दादा साच्यावर उभा राहिला. वास कधी कधी येत असे. त्याच्या शेजारचे कारीगर नाकाला रुमाल बांधत आणि भुकटीसाठी बांधलाय असं सांगत.

मी बातमी लिहिली. संपादकांनी विचारलं, त्या डॉक्टरचं म्हणणं काय? डॉक्टरने काही म्हणायला नकार दिला होता. आतल्या पानावर चार ओळी आल्या, नाव नाही, गल्ली नाही. दवाखाना चालूच राहिला. बाकडं मात्र पूर्वीसारखं भरत नव्हतं, आणि जे बसत ते शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून बसत. विदर्भातला पोक्त कारीगर वहिनीकडे सर्जनचा पत्ता विचारायला आला होता. पुडी एकदम सोडू नका, हे तिने त्याला दारातच तीनदा बजावलं.

पुढच्या वर्षी, औषध पूर्ण सुटल्यावर, सर्जनने तिसऱ्यांदा पोट उघडलं आणि आतड्याची टोकं पुन्हा जोडली. या वेळी जोड धरला.

त्यानंतर दादा गावाला गेला. गाडीने, पायांवर. चुलत बहिणीचं लग्न होतं. मांडवात त्याला पाहून बायका हळहळल्या. केवढा वाळला, म्हणाल्या. गाल बसले, मान निघाली. एक म्हातारी म्हणाली, "मागच्या लग्नात काय भरला होता! नाही मानवली मग सुरत."

काका तिथेच पत्रावळी मांडत होते.

"तो चेहरा पुडीचा होता, आजी," वहिनी म्हणाली. "हा यांचा आहे. नीट बघून घ्या." आणि तिने दादाच्या पानात भात वाढला. त्याने सगळ्यांसमोर जेवायला सुरुवात केली, आणि पोट भरेपर्यंत तो पानावरून उठला नाही.